समईची वात, मेणबत्तीची वात

ते १९८७ साल होते. फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली आणि मे सरता सरता गोवा राज्य झाले. या दोन्हींच्या मधल्या महिन्यांत डिचोलीच्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत मेणबत्त्यांचे काम सुरू झाले आणि बुडता बुडता राहिले. ज्यांच्यामुळे ते टिकले त्यांतली बरीच माणसे आता नाहीत. माझे वय शहात्तर आहे. आठवते आहे तोवर लिहून ठेवते.

माझे यजमान परशुराम खाणीवर ट्रक चालवत. त्या जानेवारीत चढणीवर त्यांचा ट्रक मागे घसरून कलंडला आणि उजवा पाय मांडीत मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून ते घरी आले. डॉक्टर म्हणाले, सहा महिने तरी ट्रकचे नाव काढू नका. पुढचे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आमची एकुलती एक तेजस्विनी तेव्हा नववीत होती. गणितात हुशार. जूनमध्ये ती दहावीत जायची.

पंधरा दिवसांनी लाटंबार्स्याहून माझे थोरले दीर सदाशिव आले. माणूस सरळ, पण बोलणे एक घाव दोन तुकडे. खाटेच्या कडेला बसले, भावाच्या प्लास्टरवर बोटाने टकटक करून पाहिले आणि म्हणाले, "मिरगाआधी घरी चला. काजूला हात कमी पडतात, भाताला पडतात. दोन वेळचे जेवण कुठे जात नाही."

"आणि तेजूची शाळा?" मी विचारले.

"तिथून डिचोली रोज कोण नेणार-आणणार? लिहायला-वाचायला येते ना? झाले की."

यजमान भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यावरूनच मी ओळखले की त्यांना ते मान्य नाही आणि नाही म्हणायला तोंडही नाही. मीच म्हटले, "भावोजी, मिरगापर्यंत बघते. नाहीच जमले तर तुम्ही म्हणाल तसे."

"बघ," ते म्हणाले. "जीप घेऊन येईन."

म्हणजे माझ्या हातात फेब्रुवारी ते मे एवढे चार महिने होते.

त्याच सुमारास महिला मंडळाने मेणबत्त्यांचा दहा दिवसांचा वर्ग ठेवला. पणजीहून विनोदिनीबाई शिकवायला येत. अल्युमिनियमचा साचा, त्याला आतून तेलाचा हात, मधोमध ताणलेली वात, वर पातळ केलेले मेण. थंड झाले की साचा उघडायचा आणि बारा मेणबत्त्या हातात. मला ते इतके आवडले की मी घरी येऊन यजमानांना साच्याचे दोन्ही अर्धे हातांनी मिटून-उघडून दाखवले. वर्ग संपल्यावर मंडळाने एक साचा मला वापरायला दिला. विनोदिनीबाईंनी उरलेले वातीचे रीळही दिले आणि म्हणाल्या, "हे संपले की पणजीत वात विकत मिळते, तीच घ्या हं."

वात विकत घ्यायची! मला हसूच आले. सातव्या वर्षापासून मी वाती वळत होते. आमच्या देवळातल्या समयांना माझ्या हातच्या वाती असत. एकसारख्या, गाठ नसलेल्या, गुळगुळीत. मंगळागौरीला बायका माझ्याकडून मागून नेत. रीळ संपले तशी मी कापूस पिंजला, मांडीवर लांब वाती वळल्या आणि साच्यात ताणल्या. मेणबत्त्या बाहेर आल्या त्या सुबक दिसत होत्या. एकही पेटवून पाहिली नाही. साधी वातच ती, तिच्यात काय पाहायचे?

म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेच्या उत्सवाचे, फेस्त मे महिन्याच्या सुरुवातीला होते. आमच्यात तिला शिरगावच्या लईराईदेवीची बहीण मानतात, म्हणून हिंदूही तेल आणि मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात. फेस्ताला मेणबत्त्या किती लागतात त्याला हिशेब नाही. म्हापशाच्या बाजारात कृष्णनाथ नावाचे वयस्क दुकानदार पूजेचे सामान विकत. हिंदूंचेही आणि किरिस्तांवांचेही. मार्चअखेर मी पिशवीत चाळीस मेणबत्त्या घालून अस्नोड्यावरून जाणाऱ्या बसने त्यांच्याकडे गेले.

त्यांनी एक हातात घेतली, नखाने टोकरली, मान हलवली. मग काडी ओढून पेटवली आणि गल्ल्याशेजारी उभी केली. सुरुवातीला ठीक जळाली. हळूहळू वातीचे टोक वाढत गेले, त्यावर काळी बोंडे धरली, ज्योत वीतभर लांब झाली आणि धूर सुटला. मेण एका अंगाने ओघळून टेबलावरच्या वर्तमानपत्रापर्यंत आले.

"बाई," कृष्णनाथ शांतपणे म्हणाले, "ही सायबिणीपुढे लावली तर तिचे तोंड काळे व्हायचे."

शेजारच्या गिऱ्हाईक बाईने खोकल्याचे निमित्त करून पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

"दुसरी लावून बघा," मी म्हटले. दुसरीही तशीच. तिसरी लावायचे धाडस मी केले नाही.

त्यांनी फुंकर मारून दोन्ही विझवल्या. "मला चार तऱ्हेच्या लागतात. हातात धरायच्या साध्या, काचेच्या पेल्यातल्या, नवसाच्या उंच आणि चर्चमधल्या आल्तारावरच्या, खऱ्या मेणाच्या. ज्याला चारी येतात त्याच्याकडूनच मी घेतो. दहा जणांच्या दारी कोण फिरणार? ईस्टर झाले की तिसऱ्या दिवशी या. तेव्हा जमले तर जमले."

परत येताना बसमध्ये खिडकीतून खनिजाची लाल धूळ आत येत होती. डोळ्यांतले पाणी धुळीचेच, असे शेजारणीला वाटले असावे. तिने काच ओढून घेतली.

चूक कुठे आहे ते मला कळत नव्हते आणि विनोदिनीबाई दुसऱ्या तालुक्यात वर्ग घ्यायला गेल्या होत्या. डिचोलीत मेणबत्तीतले कळणारी एकच व्यक्ती होती. चर्चच्या मागे राहणारी एस्पेरांसामाय. सत्तरीची, एकटी, मुलगे बोटीवर. तिच्या सासूपासून चर्चच्या मेणबत्त्या त्यांच्या घरी होत. आणि तिच्याच दारात जायला मला तोंड नव्हते.

आदल्या साली भाषेवरून सगळा गोवा पेटला होता. आम्ही बायका मराठीसाठी सह्या गोळा करत घरोघर फिरत होतो. एस्पेरांसामायच्या ओसरीवर मी कागद पुढे केला तेव्हा तिने शांतपणे विचारले, "बाये, तू आता माझ्याशी कसल्या भाषेत बोलतेस?" मी कोंकणीतच बोलत होते. घरी, बाजारात आम्ही तेच बोलतो. वाचतो, लिहितो, देवाला आळवतो ते मराठीत. दोन्ही खरे आहे, हे तेव्हा सांगता आले असते. पण चारचौघींसमोर मला राग आला आणि मी म्हटले, "तुमची भाषा चुलीपुढची. कागदावरची नव्हे." तिने दार लावून घेतले नाही, उलट बोललीही नाही. तेव्हापासून मीच तो रस्ता सोडून मागच्या वाटेने बाजारात जात होते.

तीन दिवस मी घरात घुटमळत राहिले. शेवटी यजमान म्हणाले, "अगो, जा ना. फार तर काय, हाकलून देईल."

"आणि हाकलले तर?"

"तर परत ये. मी हाकलत नाही."

गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवले.

"कितें गो, परत सही जाय?" पुन्हा सही हवी का, असे तिने विचारले.

मी पिशवीतून मेणबत्ती काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "माय, ही धुरावते. का ते सांगाल?"

तिने ती उचलली, गुडघ्यावर ठेवून कटकन मोडली आणि मधली वात ओढून काढली. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरली. मग हसायला लागली. इतकी हसली की दातांची कवळी सांभाळावी लागली.

"ही तू वळलीस?"

"हो."

"सुंदर वळलीस. देवळात लाव." तिने डोळे पुसले. "अगो, समईजवळ तू बसलेली असतेस. वात जळाली की काडीने पुढे सारतेस, काजळी झाडतेस. मेणबत्तीजवळ कोण बसते? तिला लावायचे आणि आपण गुडघे टेकून डोळे मिटायचे. तिची वात तिनेच खाऊन संपवली पाहिजे."

"म्हणजे?"

"वळलेली वात सरळ उभी राहते. जळून काळी होते, पण पडत नाही. विणलेली वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला जाते आणि तिथे राख होऊन जाते. वेणी घाल, वेणी. मुलगी आहे ना तुला?"

मी मान हलवली.

"मग येते तुला. तीन पदरी वेणी, मग मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात रात्रभर, मग सावलीत वाळवायची. एवढेच." मग आत जाता जाता मागे वळून म्हणाली, "ये. तू चुलीपुढच्याच कामाला आलीस. चूल आत आहे."

ते लागले. लागायलाच हवे होते. मी खाली मान घालून म्हटले, "माय, त्या दिवशी मी बोलले ते..."

"पाणी ठेव," ती म्हणाली. "मेण थेट विस्तवावर नाही वितळवायचे. पाण्याच्या भांड्यात भांडे."

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी तिच्या चुलीपुढे बसले. दुपारी मे महिन्यासारखा उकाडा होई आणि मेण साच्यात गोठायचे नाव घेत नसे, म्हणून काम पहाटे सहा ते दहा. तेवढ्या वेळात तिने मला जे शिकवले त्यावर मी पुढे तीस वर्षे काढली.

मेणबत्ती म्हणजे मेणबत्ती असे मला वाटे. तसे नसते. हातात धरायची साधी मेणबत्ती पॅराफिनची, पण नुसत्या पॅराफिनची केली तर आमच्या उन्हात ती दुपारपर्यंत पेंगुळल्यासारखी वाकते. त्यात स्टिअरिनची पांढरी पूड घालायची. मग ती ताठ राहते, साच्यातून अलगद सुटते आणि दिसते दुधासारखी. काचेच्या पेल्यातल्या मेणबत्तीचे उलटे. तिला पेला सांभाळतो म्हणून मऊ मेण चालते, किंबहुना मऊच लागते. सगळे वितळून तळ्यासारखे झाले पाहिजे, नाहीतर कडेचे मेण तसेच राहते आणि मधल्या खड्ड्यात ज्योत बुडते. तिची वात पेल्याच्या रुंदीप्रमाणे निवडायची. वाढदिवसाच्या केकवरच्या तर अगदी कडक आणि सुतासारख्या वातीच्या. "तिचे आयुष्य एका गाण्याएवढे," माय म्हणायची.

नवसाची उंच मेणबत्ती साच्यात होतच नाही. कोणी पोराच्या उंचीएवढी बोलतो, कोणी स्वतःच्या. तिच्या ओसरीच्या वाशाला लाकडी कडे टांगलेले होते. कड्याला वाती लोंबत सोडायच्या आणि पळीने वरून मेण ओतायचे. कडे फिरवायचे, पुन्हा ओतायचे. थरावर थर. मध्ये ती मेणबत्ती पाटावर घेऊन लाटण्याने लाटल्यासारखी सरळ करायची. माझी पहिली मेणबत्ती पोट सुटलेल्या माणसासारखी झाली. "ही बारा जणांचे जेवण एकटी जेवून आली," माय म्हणाली आणि पुन्हा वितळवायला लावली.

वेण्या घालायचे काम घरी होई. तेजू शाळेतून आली की बसायची. पण खरे काम केले यजमानांनी. खाटेवर पडल्या पडल्या खिळ्याला दोरा अडकवून ते वेण्या घालायला शिकले. आयुष्यभर गिअर ओढलेले जाड हात. पहिल्या दिवशी गुंता झाला तेव्हा तेजू म्हणाली, "बाबा, वळणावर सावकाश." दुसऱ्या आठवड्यात त्यांची वेणी माझ्याहून घट्ट आणि एकसारखी येऊ लागली. जानेवारीपासून मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकले.

तीन तऱ्हा जमल्या. राहिली आल्तारावरची. ती मधमाशीच्या मेणाची लागते. धूर नाही, ओघळ कमी, ज्योत पिवळसर शांत, आणि विझवल्यावर खोलीला मधाचा वास. पण मेण कुठून आणायचे? मायकडे होते ते तिने दोन वर्षांपूर्वीच संपवले होते. चर्चवाले आता बाजारची पाकिटे आणत, तिला कोणी विचारत नव्हते. ईस्टर रविवारवर आले होते आणि कृष्णनाथांना चारी हव्या होत्या.

मला आठवली ती माझी जाऊ, हौसावैनी. ती जुन्या वळणाची, कपाळाला आधी मेणाचे बोट लावून वर कुंकू रेखणारी. तिच्या मेणाच्या डबीतले मेण काही दुकानातले नव्हते. काजूच्या बागांमागच्या रानात पोळी काढत, मध खाऊन झाला की वैनी पोळे उकळून मेण धरून ठेवी. म्हणजे मला मेण मागायला जायचे होते ते नेमके त्या घरी, जिथे माझे काम न जमण्याची वाट पाहिली जात होती.

लाटंबार्स्याला पोचले तेव्हा अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. वैनीने पाण्याचा तांब्या दिला. मी काय हवे ते सांगितले. ती काही बोलायच्या आधीच मागून भावोजींचा आवाज आला, "किती हवे?"

"दोन मेणबत्त्यांपुरते. नमुन्याच्या."

"दोनच का? दुकानदाराने हो म्हटले तर पुढच्या कशाच्या करशील?"

त्यांनी शिडी लावली, माळ्यावर चढले आणि केळीच्या सुकलेल्या पानात बांधलेला नारळाएवढा मेणाचा गोळा खाली घेऊन आले. कित्येक वर्षांचा साठा होता तो.

"अहो, माझ्या कुंकवापुरते तरी ठेवा!" वैनी म्हणाली.

"तुझे कपाळ काय एवढे मोठे आहे?" त्यांनी चाकूने बोटभर तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि बाकीचा गोळा माझ्या पिशवीत टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जीप आणणार म्हटले ते म्हटले. पण तू मेणाअभावी हरलीस असे मला नको."

तो गोळा मांडीवर धरून मी बसमध्ये बसले होते. अजून त्याचा वास आठवतो.

ईस्टरनंतर तिसऱ्या दिवशी मी आणि तेजू चार तऱ्हेच्या मेणबत्त्या घेऊन म्हापशाला गेलो. कृष्णनाथांनी चारी ओळीने पेटवल्या, पंखा लावला आणि आपले काम करू लागले. आम्ही दोघी उभ्या. पाऊण तास गेला. साध्या मेणबत्तीची वात वाकली, टोक लाल झाले आणि नाहीसे झाले. पेल्यात स्वच्छ तळे झाले. उंच मेणबत्तीने पंख्याच्या वाऱ्यात एक ओघळ सोडला, एकच. तेजूने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

ते उठून आले, आल्तारावरची विझवली आणि धुराचा वास घेतला.

"कोणी शिकवले?"

"डिचोलीच्या एस्पेरांसामायने."

"ती अजून आहे?" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "माझे वडील तिच्या सासूकडून घेत. बरे. फेस्तासाठी या तीन तऱ्हा शंभर-शंभर, मेणाच्या बारा."

आता मी आनंदाने निघून जायला हवे होते. पण फेस्त संपल्यावर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी म्हटले, "फेस्त चार दिवसांचे आहे. माझी मुलगी वर्षभर शिकते."

ते तेजूकडे पाहून हसले. "कितवीत?"

"दहावीत जाईन," ती म्हणाली.

"पावसात वीज किती दिवस असते तुमच्याकडे?"

"अभ्यासाला बसले की जाते."

"आमच्याकडेही तसेच." ते माझ्याकडे वळले. "जूनपासून साध्या मेणबत्त्या दर आठवड्याला आणा. पाऊस संपला की दिवाळी, मग नाताळ. जमेल?"

"जमेल," माझ्याआधी तेजूने सांगितले.

मे महिन्याच्या शेवटी, राज्य होणार म्हणून पणजीला झेंडे लागत होते तेव्हा, भावोजी जीप घेऊन आले. ओसरीवर वाळत घातलेल्या वाती, पाटावर रचलेल्या मेणबत्त्या आणि खाटेवर बसून वेण्या घालणारा भाऊ पाहत ते बराच वेळ दारात उभे राहिले.

"परशा, हे काय बायकांचे काम करतोस?"

"बसा, तुम्हालाही शिकवतो."

भावोजींनी पेज घेतली, तेजूला गणितातला एक वजाबाकीचा प्रश्न घातला, तिने तोंडी सांगितल्यावर बोटांवर मोजून खात्री केली आणि रिकामी जीप घेऊन गेले. जाताना पन्नास मेणबत्त्या मागून घेतल्या. लाटंबार्स्यालाही वीज नसे.

तेजस्विनी पुढच्या वर्षी दहावी झाली, मग म्हापशाला बारावी आणि पणजीला बी.एस्सी. पेडण्याच्या एका शाळेत तिने सव्वीस वर्षे गणित शिकवले. दोन वर्षांपूर्वी तिने स्वेच्छेने निवृत्ती घेतली.

यजमानांचा पाय बोटभर आखूडच राहिला. त्यांनी पुन्हा ट्रक चालवला नाही. वाती त्यांच्याच हातच्या असत, २००९ मध्ये जाईपर्यंत. शेवटच्या आजारातही ते खिळ्याला दोरा लावायला सांगत.

सदाशिवभावोजी दरवर्षी पोळ्यांचे मेण राखून ठेवत आणि स्वतः आणून देत. त्यांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत आणि मी चुकले होते की ते, हा विषयही कधी काढला नाही. नव्वदी पार करून गेले. हौसावैनी त्यांच्यामागून वर्षभरात गेली.

कृष्णनाथांचे दुकान त्यांच्या मुलाने मोबाइलचे केले. बंद करण्याआधी ते स्वतः बसने डिचोलीला येऊन मला सांगून गेले, आणि दुसऱ्या दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी देऊन गेले. विनोदिनीबाईंना मी माझी चूक सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी ती सांगितली, माझे नाव न घेता.

एस्पेरांसामाय १९९३ च्या पावसाळ्यात गेली. मुलगे बोटीवरून वेळेवर पोचले नाहीत. डिचोलीच्या चर्चमध्ये तिच्या पेटीभोवतीच्या सहाही मेणबत्त्या मी केलेल्या होत्या, पाद्रींना विचारून. त्या सहा वर्षांत मी तिची माफी पुरी मागितली नव्हती. दरवेळी ती काहीतरी काम सांगायची. दफनाच्या आदल्या दिवशी मात्र तिच्या धाकट्या सुनेने मला लाकडी कडे आणून दिले. माय म्हणाली होती म्हणे, हे सुमंगलबायला द्या, तिच्या मेणबत्त्यांचे पोट अजून सुटते.

मी आता मेणबत्त्या करत नाही, हात थरथरतात. मंडळात शिकायला येणाऱ्या मुली घरी येतात, त्यांना वातींच्या वेण्या कशा घालायच्या ते बसून सांगते. सांगताना कोंकणीत सांगते आणि त्यांनी लिहून घेतले की मराठीत असते.